गार पाणी दातांना झोंबते तेव्हा

माठातले गार पाणी तोंडात घेतले की कुणाकुणाच्या दातातून अशी कळ जाते की पेला खाली ठेवावा लागतो. कुणाला हा त्रास लिंबू-चिंचेने होतो, तर कुणाला नुसता थंड वारा तोंडात गेला तरी होतो. आपण ‘दात शिवशिवतात’ असे म्हणतो. जाहिरातवाल्यांनी त्याचे ‘सेन्सिटिव्हिटी’ हे नाव घरोघर पोहोचवले आहे. “आता वय झालं” म्हणून बरेच जण एका बाजूने जेवू लागतात. पण यात वयाचा दोष थोडा आणि दात घासण्याच्या पद्धतीचा अधिक असतो.

दातावरचे एनॅमलचे कवच हा आपल्या शरीरातला सर्वात कठीण पदार्थ आहे. त्याला संवेदना नसते. त्याच्या आत डेंटिनचा पिवळसर थर असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक नळ्या असतात. या नळ्या आतल्या नसेच्या दिशेने जातात व त्यांत द्रव भरलेला असतो. कवच झिजले किंवा हिरडी मागे सरून दाताचे मूळ उघडे पडले, की नळ्यांची तोंडे उघडी पडतात. मग गार पाणी लागताच आतला द्रव हलतो आणि नसेला कळ येते. मुळावर एनॅमल नसतेच, म्हणून त्रास बहुधा हिरडीजवळ होतो.

कवच झिजते कशाने? राखुंडी, विटेची पूड, खरखरीत लाल मंजन आणि झाडूसारखा पसरलेला कडक ब्रश. भांडे घासावे तसा आपण दात घासतो! आंबट खाण्याने व शीतपेयांनीही कवच मऊ पडते. म्हणून आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी व अर्धा तास ब्रश लावू नये.

आता मशेरीबद्दल. आमच्या महिला मंडळातल्या एका मावशींना दाताचे विचारले, तर त्या म्हणाल्या, “मशेरी लावली की जरा बरं वाटतं रे बाबा.” पहाटे तव्यावर तंबाखू जाळायची, पूड करायची आणि दिवसातून तीन-चार वेळा बोटाने हिरड्यांवर चोळायची. हे आईकडून, सासूकडून आलेले. बरे वाटते ती तंबाखूची तलफ भागते म्हणून. दात त्याने घट्ट होत नाहीत. तंबाखूने हिरडी मागे सरते, मूळ उघडे पडते, दात आणखी शिवशिवतात आणि बाई पुन्हा मशेरीच चोळते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहे तो वेगळाच. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने 1992 सालीच बंदी घातली. पण घरच्या तव्यावर कोणता कायदा चालणार? तिथे सुनेने किंवा लेकीने मायेने सांगितले तरच उपयोग. मावशींना रागावून काही होणार नाही.

उपाय फार खर्चाचा नाही. मऊ ब्रश घ्यावा, पेन्सिल धरतो तसा हलका धरावा व दोन मिनिटे लहान गोल फिरवत घासावे, सकाळी आणि रात्री झोपताना. शिवशिवणाऱ्या दातांसाठी वेगळी पेस्ट मिळते. बऱ्याच पेस्टमध्ये पोटॅशियम नायट्रेट असते, ते वेष्टनावर वाचून घ्यावे. त्याने नस शांत होते, पण एका दिवसात नव्हे. दोन ते चार आठवडे नेमाने वापरावी लागते. रात्री थोडी पेस्ट बोटाने दुखऱ्या जागी लावून ठेवली व नंतर चूळ भरली नाही, तर गुण लवकर येतो. ही पेस्ट महाग असते, तेव्हा सगळ्या घराला ती आणण्याची गरज नाही. बाकीच्यांना साधी फ्लोराइडची पेस्ट पुरते.

मात्र गार पाणी गेल्यावरही कळ राहत असेल, गरम चहाने ठणकत असेल, रात्री झोपमोड होत असेल किंवा चावताना एकच दात दुखत असेल, तर पेस्टवर विसंबू नये. आत कीड किंवा तडा असू शकतो. आज खड्डा भरून भागते, ते उद्या रूट कॅनालवर जाते, आणि मी कारकून असल्याने दोन्हींच्या बिलातला फरक मला चांगला ठाऊक आहे. हिरडीवर तंबाखूची चिमूट किंवा दुखण्याची गोळी दाबून ठेवू नये, त्याने हिरडी भाजते.

मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय, तसेच नागपूर व छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये येथे खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात उपचार होतात. गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर जावे. मशेरी लावत असल्यास डॉक्टरांना न लाजता सांगावे, आणि तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर तीही त्याच वेळी दाखवावी.