भंगारात देण्याआधी एकदा सुरू तर करून बघा!

मंडळी, आमच्या वाचनालयातला विंडोज ९८ चा जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा ठराव झाला होता. कारण काय, तर "पासवर्ड कुणालाच माहीत नाही." ज्यांनी तो टाकला ते ग्रंथपाल वारले. दहा वर्षं हेच एक वाक्य ऐकतोय. आत काय, तर लोकांनी देणगी दिलेल्या जुन्या पुस्तकांची यादी. मूळ वही वाळवीने खाल्ली.

कार्यकारिणीची परवानगी घेऊन मशीन लावलं. अहो, सुरुवातीचा पासवर्ड नव्हताच! या डेस्कटॉपमध्ये तो मदरबोर्डवरच्या गोल सेलच्या जिवावर टिकतो. सेल कधीच मेला होता, त्याबरोबर पासवर्डही गेला. (सेल जिवंत असेल तर मशीन बंद करून, वायर काढून तो थोडा वेळ बाहेर ठेवायचा. बऱ्याच लॅपटॉपना मात्र ही युक्ती चालत नाही.) पुढे विंडोजने पासवर्ड विचारला, तिथे एस्केप दाबलं. उघडलं! विंडोज ९८ चं ते कुलूप नावापुरतंच.

खरं कुलूप पुढेच होतं. यादीची फाइल पेनड्राइव्हवर घरी आणली तर अक्षरांच्या जागी नुसता कचरा. युनिकोडच्या आधीचा मराठी फॉन्ट. तो त्या मशीनच्याच फॉन्ट्स फोल्डरमध्ये सापडला. म्हणजे डबा भंगारात गेला असता तर यादीबरोबर ती वाचायची किल्लीही गेली असती.

नॉर्वेत २००२ साली असंच झालं. इव्हार आसेन केंद्राकडे प्राध्यापक ज्यूपेदाल यांच्या ग्रंथसंग्रहाची सूची होती, पण पासवर्ड त्यांच्याबरोबर गेलेला. केंद्राने जगाला जाहीर मदत मागितली आणि काही तासांत उत्तर आलं: त्यांचंच आडनाव, उलटं लिहिलेलं. आपल्याकडे मागायलाच लाज वाटते. वर ग्रंथपालांना दोष. त्या बिचाऱ्यांनी एकट्याने यादी टाइप केली, तेव्हा पासवर्ड कागदावर लिहून घ्यायचं कुणाला सुचलं? मीही तेव्हा सभासद होतोच की.

रविवारच्या सभेत दोन मागण्या ठेवतोय. संस्थेचे सगळे पासवर्ड सीलबंद पाकिटात अध्यक्षांच्या कपाटात, आणि कुठलंही मशीन मोडीत काढण्याआधी फॉन्टसकट हार्ड डिस्कची पूर्ण प्रत. सभासदांनो, या. गेल्या वेळी कोरमसुद्धा झाला नव्हता.