शाई कशासाठी?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात शाई प्रथम आली ती आजीच्या अंगठ्याला लागून. कर्जाच्या कागदावर तिने अंगठा उठवला. त्या कागदात काय लिहिले होते ते तिला अखेरपर्यंत वाचता आले नाही. त्याच घरातला मी आज कॉलेजच्या वार्षिकांकासाठी लेख लिहितो आहे. म्हणून शाईचा गैरवापर झाला, की माझ्या मनाला जरा अधिकच लागते.

५ डिसेंबर २०२१ रोजी आपल्या नाशकात तो झाला. ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आडगावच्या भुजबळ नॉलेज सिटीत, म्हणजे एका शैक्षणिक संकुलातच भरले होते. परिसंवादासाठी आलेले 'लोकसत्ता'चे संपादक गिरीश कुबेर यांच्यावर संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी शाई फेकली. कारण काय, तर 'रिनेसाँ स्टेट' या त्यांच्या इंग्रजी पुस्तकातील छत्रपती संभाजी महाराजांविषयीचा मजकूर.

मी तेव्हा शाळेत होतो. संध्याकाळी गावच्या पारावर 'बरी जिरवली!' असे म्हणत मंडळी हसत होती. त्या हसण्यात मीही होतो, हे कबूल केले पाहिजे. पुस्तक मात्र त्या पारावर एकानेही पाहिलेले नव्हते.

राग खोटा होता असे मी म्हणणार नाही. आमच्यासारख्यांचा इतिहास फार काळ दुसऱ्यांनीच लिहिला. संभाजी महाराजांची तर बखरकारांनी आणि नाटककारांनी मनसोक्त बदनामी केली. मल्हार रामराव चिटणिसांची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली, तरी तीच पुढे खरी मानली गेली. पण वाचकहो, हा डाग पुसला कोणी? वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षे कागदपत्रे धुंडाळून १९६० साली महाराजांचे चरित्र सिद्ध केले. १९७१ साली डॉ. कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' आला. या दोघांनीही शाईच वापरली. पण दौतीत बुडवून, कुणाच्या तोंडावर फेकून नव्हे. आणि ज्यांच्यासाठी आपण हात उगारतो ते महाराज स्वतः 'बुधभूषण' या संस्कृत ग्रंथाचे कर्ते होते!

विरोध कसा करावा याचा धडाही त्याच दिवसांत नाशकातच मिळाला होता. ज्यांना ते संमेलन आपले वाटत नव्हते, त्यांनी ४ आणि ५ डिसेंबरला के.टी.एच.एम. महाविद्यालयाच्या मैदानावर डॉ. आनंद पाटील यांच्या अध्यक्षतेखाली विद्रोही साहित्य संमेलन भरवले. मांडवाला उत्तर मांडवाने, भाषणाला उत्तर भाषणाने.

शाई धुतली जाते. मागे राहते ती भीती. गेल्या वर्षी एका मंडळाच्या बैठकीत व्याख्यात्यांची नावे काढताना एक नाव निघाले. लगेच कोणी तरी म्हणाले, "माणूस चांगला आहे, पण उगाच गडबड नको." नाव खोडले गेले. कोणी दगड मारला नाही, घोषणा दिली नाही. पण एक व्याख्यान मेले. मी तिथे होतो आणि गप्प बसलो.

माझे म्हणणे एवढेच की असा वक्ता जरूर बोलवावा. व्याख्यानानंतर अर्धा तास प्रश्नांना ठेवावा आणि ज्याला त्याचे म्हणणे खोडायचे असेल त्याला त्याच माइकवर दहा मिनिटे द्यावीत. काळ्या फिती लावा, सभात्याग करा, तो आपला हक्क आहे. मात्र पाहुण्याच्या अंगाला हात लागता कामा नये. प्राध्यापक मंडळींनीही 'गडबड नको' म्हणण्यापूर्वी आम्हाला एकदा विचारावे.

ते इंग्रजी पुस्तक मी आता शब्दकोश शेजारी घेऊन वाचायला घेतले आहे. पानाला तास लागतो. पटले नाही तर पुढच्या वर्षी याच अंकात पानांचे आकडे देऊन त्याच्याविरुद्ध लिहीन. आजीला जे करता आले नाही, ते मला करता येते. शाई त्यासाठीच आहे.