बसून मजुरी, उभ्याने घरकाम. मग व्यायाम कधी?

"रोज चालायला जात जा," डॉक्टरांनी सांगितलं आणि ती हसली. तुंगार्लीतल्या आमच्या बचत गटातली ही बाई. वय एकोणचाळीस. रक्तात साखर निघाली. सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत ती चिक्कीच्या पॅकिंगला बसते. दवाखान्याबाहेर आल्यावर मला म्हणाली, "ताई, चालायला जाईन हो. पण भाकऱ्या कोण थापणार?"

मला उत्तर देता आलं नाही. एम.एस.डब्ल्यू. करून मला दहा वर्षं झाली. माता-बाल आरोग्य, गर्भनिरोधन, रक्तक्षय यांवर मी किती तरी शिबिरं घेतली. पण बाईच्या स्नायूंवर एकही नाही. तिच्या आरोग्याचा विचार आम्ही कार्यकर्त्यांनीही बहुतेक गर्भाशयापुरताच केला. तिला पाठ आहे, मांड्या आहेत, दंड आहेत, हे तिची कंबर धरल्यावरच आम्हाला आठवतं.

बैठं काम म्हटलं की डोळ्यांसमोर पंख्याखालचा साहेब येतो. आमच्या गटात पाहा: पॅकिंगवाल्या, शिलाई मशीनवर ब्लाऊज आणि पिको-फॉल करणाऱ्या, हॉटेलच्या काउंटरवर बिलं करणारी, कॉम्प्युटरवर नोंदी करणारी. आणि अहवाल लिहिणारी मी. सगळ्या आठ-आठ तास बसून. 'बसून काय काम करता?' हे वर ऐकायचं.

बसण्याचा आणि हृदयविकाराचा संबंध जुनाच आहे. लंडनच्या बसगाड्यांमधल्या कामगारांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होता. हे सगळे कामगार पुरुष होते. बायकांच्या बसण्याकडे लक्ष जायला पुढे बराच काळ गेला.

शरीरात होतं ते असं. जेवणातून आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. आपण तासन्‌तास हललो नाही, तर ते काम मंदावतं. भरभर चालण्याने हृदय आणि फुप्फुसांचा दम वाढतो. वजन उचलण्याने, ताकद लावण्याने स्नायू टिकतात, हाडांना बळ मिळतं. पाळी गेल्यावर बाईची हाडं वेगाने झिजतात, म्हणून हे दुसरं तिला अधिकच हवं. दोन्हींची जोड उपयोगी पडते. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात मधुमेह असलेल्या, बैठं जीवन जगणाऱ्या २६२ स्त्री-पुरुषांवर नऊ महिने प्रयोग झाला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. नुसतं चालणारे, नुसती वजनं उचलणारे आणि दोन्ही करणारे असे गट होते. प्रत्येक गटाचा एकूण वेळ जवळपास सारखाच होता. व्यायाम न करणाऱ्यांशी तुलना करता साखरेच्या सरासरीत ठळक घट दिसली ती दोन्ही करणाऱ्यांत.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली हेच सांगितलं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल असं चालणं, आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम.

"बाईला कशाला व्यायाम? घरकाम आहे की!" हे वाक्य पुरुष म्हणतात, बायकाही म्हणतात. घरकामात हालचाल आहे, ती वाया जात नाही. पण ओट्याशी उभं राहून दम वाढत नाही. पाण्याची कळशी रोज त्याच कमरेवर घेऊन ताकद वाढत नाही, कंबर मात्र जाते. व्यायाम आपल्या शरीरासाठी असतो. त्यात विश्रांती असते आणि वजन हळूहळू वाढवता येतं. राबणुकीत यातलं काहीच नसतं.

आणि वेळ? सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज २८९ मिनिटं जातात, पुरुषांचे ८८. व्यायामाचा अर्धा तास या दोन आकड्यांच्या मध्ये कुठे तरी अडकला आहे. आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त बायकांची हालचाल अपुरी आहे. त्याला आळस म्हणायचं की वाटणी?

गेल्या दिवाळीनंतर आम्ही आठजणींनी सुरुवात केली. पाच दिवस धरणाच्या रस्त्याने अर्धा तास झपझप चालणं. दोन दिवस समाजमंदिरात ताकदीचं काम: हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला तळवे लावून शरीर पुढे-मागे नेणं, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं. आधी सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. रक्तच कमी असेल तर आधी त्यावर उपचार हवा. "पैलवान होणार काय?" असं घरोघरी विचारून झालं.

तिघी सुटल्या. एकीचं पाणी त्याच वेळेला येतं. एकीला रस्त्यावरच्या टोळक्याने नकोसं केलं. तिसरीच्या सासूबाईंना ते पटलं नाही. तिघींपैकी एकीलाही कंटाळा आला नव्हता.

आमचं लोणावळं हवापालटाचं गाव. कैवल्यधाम इथे १९२४ पासून आहे. योगाची शास्त्रीय तपासणी स्वामी कुवलयानंदांनी इथेच केली. तब्येत सुधारायला लोक मुंबई-पुण्याहून येतात. त्यांच्या खोल्या झाडणारी, त्यांची चिक्की बांधणारी बाई मात्र डॉक्टरांचा कागद ब्लाऊजमध्ये खोचून घरी धावते.

म्हणून नुसतं 'स्वतःसाठी वेळ काढा' म्हणणं मला पटत नाही. वेळ कुणाकडून तरी काढून घ्यावा लागतो. कामावर दोन वेळा दहा-दहा मिनिटं उठायची सुट्टी, मजुरी न कापता. धरणाच्या रस्त्यावर दिवे. समाजमंदिराची किल्ली बायकांच्या हाती. आणि घरात भाकरीची पाळी.

ती पॅकिंगवाली अजून येते. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिचा चौदा वर्षांचा मुलगा कुकर लावतो. भाकरी त्याला जमत नाही, नवऱ्याने अजून प्रयत्न केलेला नाही. मी तिला विचारलं, काय फरक वाटतो? म्हणाली, "खाली बसल्यावर उठताना आता भिंत शोधत नाही."

मैत्रिणींनो, तुमच्या गटात हा विषय काढून बघा. सुटलेल्या बायका का सुटल्या, ते आधी विचारा, आणि आम्हाला कळवा.