डोलकराचा नंबर कितवा?

मुलांनो, गोराईच्या आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी चालली होती. कोळीनृत्य तर दरवर्षी ठरलेलंच! सराव थांबला तसा चौथीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, हे ‘मी डोलकर’ पहिलं आलेलं का हो?" त्याला म्हणायचं होतं, गाण्यांच्या शर्यतीत.

आपल्याकडे गाण्यांना नंबर लावायचा नाद लावला तो ‘बिनाका गीतमाला’नं. गंमत बघा, १९५२ साली नभोवाणी मंत्री झाले बाळकृष्ण केसकर, आपले मराठी. त्यांना शास्त्रीय संगीताचं भारी प्रेम. सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपारच झाली. मग लोकांनी रेडिओचा काटा फिरवला थेट रेडिओ सिलोनकडे! त्याच वर्षी ३ डिसेंबरला गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी बोलायचे मुंबईत, ध्वनिफीत विमानानं कोलंबोला जायची आणि बुधवारी रात्री आठला घरोघरी ऐकू यायची. सुरुवातीला नंबर नव्हते, ते मागाहून आले. कुठली तबकडी दुकानांत किती खपली आणि श्रोत्यांच्या मंडळांनी काय निवडलं, यावरून ते ठरायचे. १९५३ च्या वार्षिक यादीत पहिलं आलं ‘अनारकली’ सिनेमातलं लताबाईंचं गाणं.

आणि आपला डोलकर? चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लताबाई आणि हेमंतकुमारांचे, शब्द शान्ता शेळक्यांचे. (शान्ताबाईंचा जन्म इंदापूरचा बरं का, तिथून दर्या कितीतरी लांब!) पण गीतमाला हिंदी सिनेगीतांची. शर्यतीत नावच घातलं नाही, तर नंबर कुठून येणार?

आता यूट्यूबच मोजतं. २०२४ साली संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ देशभर वाजलं. किती कोटी वेळा पाहिलं, तो आकडा गाण्याखालीच दिसतो. तिथे मराठी-हिंदी असा भेद नाही.

हे सगळं ऐकून पोरगं हिरमुसलं. मग म्हणालं, "बाई, आमच्याकडे हळदीला बँडवाले डोलकर तीन-तीनदा वाजवतात. ते कोण मोजतं?"

"कुणीच नाही रे."

"मग मी लिहून ठेवू?"

आता त्याच्या गणिताच्या वहीत मागच्या पानावर रेघा आहेत. परवा बघितल्या तेव्हा अकरा होत्या. त्यातली एक खोडलेली. विचारलं तर म्हणाला, "ते अर्ध्यावरच थांबवलं बाई, लाइट गेली."