खाण तशी माती?

सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये एकदा का राक्षस-पिशाच्चं आली, की माझा रस संपतो. ज्याला काहीच इजा होत नाही त्याच्याशी मारामारी कसली? शेवटी कुठलातरी मंत्र सापडतो आणि गोष्ट आटपते! पण परवा भाच्याकडून 'न्यू टीन टायटन्स'चे जुने अंक वाचायला आणले आणि मत बदलावं लागलं.

मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ या जोडीने १९८० मध्ये ही मालिका सुरू केली. यातला खलनायक ट्रायगॉन. लाल कातडीचा, चार डोळ्यांचा, जगंच्या जगं गिळणारा. रेव्हन ही त्याची मुलगी. आई मात्र माणूस. मनात राग उसळला की त्या वाटेने बाप आत शिरेल, म्हणून ही पोर जन्मभर स्वतःला आवरून धरते. आणि तिची शक्ती काय, तर दुसऱ्याचं दुखणं स्वतःवर घेणं!

बाप पृथ्वीवर चालून येणार हे कळल्यावर ती आधी जस्टिस लीगकडे जाते. तिथली झटॅना जादूगार. तिला या मुलीत काहीतरी दुष्ट असल्याचं जाणवतं आणि ही मातब्बर मंडळी मदत नाकारतात. खाण तशी माती! मग रेव्हन रॉबिन वगैरे पोरांना गोळा करते. त्यासाठी किड फ्लॅशच्या मनाशी खेळतेसुद्धा. पोरं चिडतात, पण शेवटी तिच्या बाजूने उभी राहतात.

हे वाचताना मी थांबलो. माझे वडील अतिशय तापट होते. 'अगदी बापावर गेलाय' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. गेल्या आठवड्यात मुलावर ओरडलो, तेव्हा आवाज माझा नव्हता, त्यांचा होता. मुलगा दचकून मागे सरकला. मी मागे सरकायचो, तसाच.

म्हणूनच १९८४ च्या नव्या मालिकेतल्या पहिल्या पाच अंकांचा शेवट मला पटला नाही. तिथे रेव्हन बापासारखीच होते, ट्रायगॉनच्या प्रभावाखाली आलेले मित्रच तिला मारतात आणि तिच्या देहाच्या वाटेने आलेले आत्मे ट्रायगॉनला संपवतात. पुढे ती परत येते, ते ठीक. पण जन्मभर झगडणाऱ्या मुलीने शुद्ध होण्यासाठी आधी मरायचं? हा कसला न्याय?

२००३ ते २००६ या काळातल्या कार्टून मालिकेने हीच गोष्ट वेगळी सांगितली. तिथे सगळं संपलेलं असताना रॉबिन तिला शोधत जातो, आणि बापाला हरवते ती स्वतः रेव्हन. जिवंत राहून. मला हा शेवट जास्त खरा वाटतो. रक्तातलं जात नाही हे मान्य, पण त्याचं काय करायचं ते आपण ठरवतो, आणि ठरवताना कुणीतरी सोबत लागतं.

असो. त्या रात्री मुलाच्या खोलीत जाऊन त्याला सॉरी म्हणालो. वडिलांनी मला कधी म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, "बाबा, आता झोपू दे ना!"