मामू, कोणती टोपी घेऊ?

माझा भाचा ग्लासगोला शिकतो. त्याच्या एका स्कॉटिश वर्गमित्राचं लग्न ठरलं आणि मित्रांनी किल्ट घालून यावं अशी नवरदेवाची इच्छा होती. किल्ट भाड्याने मिळाला. टोपी मात्र भाच्याला स्वतःची हवी होती. एडिनबराच्या दुकानातून त्याने व्हिडिओ कॉल लावला, "मामू, यातली कोणती घेऊ?"

फोन स्पीकरवर होता. त्याची अम्मी, म्हणजे माझी थोरली बहीण, शेजारीच बसली होती. ती पटकन म्हणाली, "दुसऱ्यांची टोपी आपण कशाला घालायची?"

हा प्रश्न मला दोन दिवस पुरला. माझं मत असं झालं की टोपी जरूर घ्यावी, फक्त ती काय बोलते ते आधी समजून घ्यावं.

दुकानात प्रामुख्याने तीन प्रकार होते. बालमोरल गोल आणि चपटी, खाली पट्टी, मागे दोन फिती, वर लोकरीचा गोंडा. या गोंड्याला तिकडे 'टूरी' म्हणतात. ग्लेनगॅरी होडीसारखी लांबट, घडी करून ठेवता येणारी. तिसरी टॅम ओ' शँटर, रुंद आणि सैल. तिला हे नाव रॉबर्ट बर्न्स या कवीच्या एका कवितेच्या नायकावरून मिळालं. या टोप्यांची आजी म्हणजे साधी निळी टोपी. लोकरीने विणायची, पाण्यात रगडून दाट करायची आणि निळी रंगवायची. शेतकऱ्यापासून शिपायापर्यंत सगळे ती घालत. इंग्रज तर स्कॉटिश लोकांनाच 'निळ्या टोपीवाले' म्हणत. एअरशायरमधलं स्ट्युअर्टन हे गाव या धंद्यामुळे आजही टोप्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं.

पण टोपीवर जे लावतात, तिथे खरी गोष्ट सुरू होते. बालमोरलच्या डाव्या बाजूला फितीचं फूल असतं, त्यावर बिल्ला लावतात. १७४५ च्या बंडात पांढरं फूल स्टुअर्ट घराण्याच्या बाजूचं होतं, काळं सरकारच्या बाजूचं. पट्टा आणि बकल यांच्या वर्तुळातलं चिन्ह असेल तर माणूस सांगतो, मी अमुक कुळाचा, अमुक सरदाराला मानणारा. गरुडाची तीन पिसं फक्त कुळाच्या प्रमुखाने लावायची. कडेची लाल-पांढरी चौकडी अनेक पलटणींच्या टोप्यांवर दिसते.

मी भाच्याला म्हटलं, "बाबा, कुळाचा बिल्ला नको आणि पिसं तर मुळीच नकोत. आपल्या नावाचं कुळ तिथे नाही. साधी गडद निळी बालमोरल घे. बिल्ला लावायचाच असेल तर थिसलचा लाव." थिसल हे काटेरी जांभळं फूल स्कॉटलंडचं राष्ट्रीय चिन्ह आहे. ते लावायला कुणाचा वारस असावं लागत नाही.

मग डोक्याचं माप. भुवयांच्या वर, कानांच्या किंचित वरून टेप फिरवायची. त्याचं ५८ सेंटीमीटर भरलं. लोकर गरम पाण्यात आटते, म्हणून टोपी मशिनमध्ये टाकायची नाही हेही बजावलं.

शेवटी किंमत. एक टोपी दुसरीच्या निम्म्याहून कमी किमतीची होती. भाच्याने आतली चिठ्ठी वाचली आणि हसायला लागला. "मामू, ही पाकिस्तानची!" मला नवल वाटलं नाही. सियालकोटमध्ये बॅगपाइप आणि किल्टचं सामान बनतं आणि जगभर जातं. बहीण म्हणाली, "म्हणजे नकली." मला ते पटलं नाही. सियालकोटच्या कारागिराचा हात नकली कसा? खोटेपणा असतो तो चिठ्ठीत. स्कॉटलंडचा झेंडा मोठा छापायचा आणि माल कुठे बनला ते बारीक अक्षरात लपवायचं, ही फसवणूक. कुठे बनली ते सरळ लिहिलं असेल तर आपल्या खिशाप्रमाणे कुठलीही घ्या.

बहिणीला मी दादांचा लग्नातला फोटो दाखवला. डोक्यावर लाल तुर्की टोपी, काळा गोंडा. अलीगढच्या पोरांनी मिरवलेली ती टोपी आम्ही 'आपली' मानतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा कितीतरी टोप्या ऑस्ट्रियाच्या कारखान्यांत बनत होत्या. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला तेव्हा तुर्कस्तानच्या लोकांनी त्या मालावर बहिष्कार टाकला आणि त्यात या टोप्याही आल्या. १९२५ मध्ये तर तुर्कस्ताननेच कायद्याने तिच्यावर बंदी घातली.

स्कॉटलंडनेही हे भोगलंय. १७४६ च्या कायद्याने डोंगराळ भागातल्या पुरुषांना किल्ट घालायला बंदी झाली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं काळं पाणी. सरकारी पलटणीत मात्र तोच पोशाख चालत होता. १७८२ मध्ये बंदी उठली आणि १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज स्वतःच किल्ट घालून एडिनबरात मिरवला. ज्या कपड्यापायी लोक तुरुंगात गेले, तो राजाची हौस झाला. कपडा कुणाच्या अंगावर आहे, यावर त्याचा गुन्हा ठरतो.

हे लिहिताना मला माझी टोपी आठवते. पांढरी, जाळीची, दहा-वीस रुपयांची. जुम्म्याला शाळेतून निघताना ती माझ्या खिशात असते. मशिदीच्या पायरीवर घालतो आणि परतताना एसटीत चढण्याआधी पुन्हा खिशात ठेवतो. कुणी कधी काही बोललं नाही. तरी हात आपोआप डोक्याकडे जातो. वीस वर्षं मुलांना दोन भाषा शिकवणारा मी, एक टोपी घालून चाळीस मिनिटांचा प्रवास करत नाही.

लग्न झालं. चर्चमध्ये शिरताना भाच्याने टोपी काढली, कारण तिथे पुरुष अदब म्हणून डोकं उघडं ठेवतात. संध्याकाळी तीच टोपी घालून त्याने मगरिब पढली, कारण आपल्याकडे अदब म्हणून डोकं झाकतात. बालमोरलला पुढे छज्जा नसतो. थोडी मागे सरकवली की सजद्यात कपाळ जमिनीला टेकतं. फोटो पाहून बहीण म्हणाली, "शोभतेय." एवढंच.

तर वाचकहो, दुसऱ्याची टोपी घालायला हरकत नाही. तिचा अर्थ विचारा, न कमावलेला बिल्ला लावू नका आणि बनवणाऱ्याला त्याचा दाम द्या. आणि स्वतःची टोपी असेल तर ती खिशात किती वेळ राहते, तेही एकदा मोजा. मी मोजतो आहे.