नादाचे सोवळे

आमच्या समाजातून सोवळेओवळे गेले, अशी एक समजूत सुशिक्षित वर्गात रूढ झालेली दिसते. ती सर्वस्वी खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु स्वयंपाकघरातून हाकलून दिलेले सोवळे दिवाणखान्यात पाट मांडून कसे बसले आहे, हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी उंची संगीतयंत्रे बाळगणाऱ्या मंडळींच्या बैठकीस एकवार अवश्य जावे. तेथे जानव्याची चौकशी होत नाही. सिग्नल शुद्ध आहे ना, याची मात्र होते. एखाद्या गरिबाने खर्ज वाढविण्याचे बटण किंचित फिरविले, की देवघरात कोणी वहाणा घालून शिरल्याप्रमाणे सर्वांच्या मुद्रा होतात. या नव्या सोवळ्याचा प्रतिवाद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय. आणि तो नुसत्या तर्काने न करता, दोन वर्षे घरात वापरलेल्या एका यंत्राच्या आधाराने करण्याचे आम्ही योजिले आहे.

हे यंत्र म्हणजे जर्मनीत म्युनिकनजीक हायमहाउझेन येथे ठाणे असलेल्या आर. एम. ई. या कंपनीचे ‘एडीआय-२ डॅक’. ते २०१८ साली बाजारात आले. एखाद्या मध्यम पोथीएवढी त्याची पेटी असून तिची मूळ कामे दोनच आहेत. संगणकातून अंकांच्या रूपाने येणाऱ्या संगीताचे विजेच्या लहरींत रूपांतर करणे हे पहिले. या कामावरूनच अशा यंत्रास डॅक म्हणतात. त्या लहरींस हेडफोन हलविण्याइतके बळ देणे हे दुसरे, म्हणजे ॲम्प्लिफायरचे काम. एवढ्यावर कर्ता थांबला असता तर शुद्धतावाद्यांनी त्याची आरती ओवाळली असती. परंतु त्याने त्या पेटीत पाच पट्ट्यांचा इक्वलायझर घातला, आणि तोही असा की डाव्या व उजव्या कानासाठी निरनिराळा लावता यावा. आवाज हळू केला असता खर्ज व तार आपोआप सावरून घेणारी योजना घातली. एका कानाचा नाद थोडासा दुसऱ्या कानाकडे पोहोचविणारा क्रॉसफीड घातला. मोठ्या हेडफोनास एक आणि कानात घालावयाच्या नाजूक इयरफोनास एक, अशी दोन तोंडे दिली. या सर्व सोयी आक्षेपकांच्या दृष्टीने पापाची साधने आहेत.

आता आमच्या घरी हे पाप कसे घडले ते सांगितले पाहिजे. आमचे तीर्थरूप नाना आज एक्याऐंशी वर्षांचे आहेत. वयोमानाने त्यांच्या कानांची वरची बाजू गेली आहे, आणि डावा कान उजव्याहून अधिक मंद आहे. बोलण्याचालण्यासाठी ते श्रवणयंत्र वापरतात. परंतु संभाषणासाठी घडविलेल्या त्या साधनातून गाणे त्यांस गोड लागत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी हा त्यांचा जन्माचा ठेवा. अलीकडे ती लावली म्हणजे ते मान डोलवीत, पण ती डोलणारी मान स्मरणावर डोलत होती, श्रवणावर नव्हे. एके दिवशी ते सहज म्हणाले, “अरे, सूर येतो, पण शब्द कुठे गेले?” हा प्रश्न आमच्या मनातून काही केल्या जाईना. शेवटी कानाच्या तज्ज्ञाने काढून दिलेला आलेख समोर ठेवून आम्ही दोन हजारांपासून चार हजार कंपनांपर्यंतचा भाग थोडा चढविला, डाव्या कानाकडे उजव्याहून अधिक चढविला, आणि हेडफोन नानांच्या डोक्यावर ठेवला. ठुमरी तीन मिनिटांची असते. ती संपल्यावर नाना काही बोलले नाहीत. त्यांनी पुन्हा लावण्याची खूण केली.

ही हकीकत आम्ही मोठ्या उत्साहाने एका स्नेह्यांस सांगितली. हे गृहस्थ ध्वनियंत्रांचे जाणते आहेत व त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. ते उद्गारले, “म्हणजे तुम्ही खाँसाहेबांचे गाणे बाटविलेत!” त्यांचे म्हणणे असे की, ध्वनिमुद्रिकेत जे आहे ते जसेच्या तसे कानापर्यंत नेणे हाच यंत्राचा एकमेव धर्म होय, कान अधू असेल तर तो कानाचा दोष, त्यासाठी कलावंताच्या कृतीत ढवळाढवळ करण्याचा अधिकार कोणास नाही. या आक्षेपात कलेविषयीची निष्ठा आहे, हे आम्ही मान्य करतो. म्हणूनच त्याचे उत्तर थट्टेवारी न नेता पायरीपायरीने दिले पाहिजे.

पहिली गोष्ट ही की, ज्यास हे लोक ‘जसेच्या तसे’ म्हणतात ते मुळात अस्तित्वातच नाही. खाँसाहेब १९३७ साली निवर्तले. त्यांच्या काळच्या विजेच्या ध्वनिमुद्रणात सुमारे पाच-सहा हजार कंपनांच्या वरचे फारसे काही उमटतच नसे. आणि १९२५ पूर्वीच्या, कर्ण्यात तोंड घालून गाइलेल्या मुद्रिकांत तर त्याच्या निम्मेही नसे. म्हणजे निसर्गाने दिलेल्या गळ्याचा मोठा भाग तबकडीवर चढण्यापूर्वीच गळून पडला. पुढे लांब वाजणाऱ्या तबकड्या आल्या. त्यांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. १९५४ च्या सुमारास सर्वमान्य झालेल्या आर. आय. ए. ए. या मानकानुसार तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम उतरवितात व तार मुद्दाम चढवितात, आणि टोकांशी हा फरक सुमारे २० डेसिबलांपर्यंत जातो. वाजविताना प्रत्येक फोनो ॲम्प्लिफायर त्याची नेमकी उलट दुरुस्ती करतो. तात्पर्य, जे गृहस्थ इक्वलायझरच्या सावलीसही उभे राहत नाहीत, त्यांच्या पूज्य तबकडीचा प्रत्येक सूर इक्वलायझरातूनच न्हाऊन बाहेर येतो! कारखान्यातला चालतो आणि घरातला विटाळ करतो, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

दुसरी गोष्ट हेडफोनाची. या मंडळींत डॅकच्या विकृतीचा वाद टक्क्याच्या हजाराव्या हिश्शावर चालतो. परंतु दोन नामांकित हेडफोन शेजारी ठेवून मोजले, तर निरनिराळ्या पट्ट्यांत पाच-सात डेसिबलांचा फरक सहज निघतो, आणि तो कोणाही गृहिणीच्या कानास जाणवण्याजोगा असतो. गंगाजल पंचवीस फडक्यांतून गाळून घ्यावे आणि मग ते बिनकल्हईच्या भांड्यात ओतावे, असा हा प्रकार झाला. ज्या साधनाने हा खरा दोष दुरुस्त होतो त्यास अशुद्ध म्हणावयाचे, आणि जो दोष कानास ऐकूच येत नाही त्याच्या परिहारार्थ हजारो रुपयांच्या तारा विकत घ्यावयाच्या, यास विवेक म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट खुद्द कानाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की, आवाज जसजसा हळू होतो तसतसा मनुष्याचा कान खर्जाविषयी अधिकाधिक बधिर होतो. हा कोणा रोग्याच्या कानाचा दोष नव्हे. ही सर्वांच्याच कानांची रचना आहे. आता मध्यमवर्गीय कुटुंबाचे जीवन पाहा. दोन खोल्या, एका खोलीत मुलाचा अभ्यास, दुसरीत कोणी निजलेले. गाणे ऐकावयाचे ते रात्री दहानंतर आणि अगदी हळू. अशा वेळी ‘शुद्ध’ सिग्नल ऐकणारास तंबोऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याची घुमार ही दोन्ही नाहीशी झालेली आढळतील. जे गाणे मैफलीच्या उंचीवर बसविले गेले, ते कुजबुजीच्या उंचीवर तसेच ऐकणे म्हणजे ते बिघडवून ऐकणे होय. आवाज उतरताच खर्ज व तार सावरून घेणारी योजना येथे मूळ गाणे परत देते. क्रॉसफीडचेही असेच आहे. समोर बसलेल्या गवयाचा आवाज आपल्या दोन्ही कानांस येतो. हेडफोनात मात्र डावी बाजू डाव्याच कानात आणि उजवी उजव्याच कानात कोंडलेली राहते. यावर उपाय बेंजामिन बाउअर यांनी १९६१ सालीच सुचविला होता. जुन्या, एकाच वाटेने मुद्रित केलेल्या गाण्यांस त्याची गरज नाही. पण तबला एका कानात व सारंगी दुसऱ्या कानात टांगून ठेवणाऱ्या आरंभीच्या स्टिरिओ मुद्रिका त्याने पुष्कळ सुसह्य होतात.

मग या यंत्रात व्यर्थ असे काहीच नाही काय? आहे, आणि मौज अशी की, ज्याचा शुद्धतावादी गौरव करतात नेमके तेच व्यर्थ आहे. हे यंत्र सेकंदास ७,६८,००० नमुन्यांपर्यंतचे अंक वाचू शकते. तरुण मनुष्याचा निरोगी कान सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. नायक्विस्टच्या १९२८ मधील व शॅननच्या १९४९ मधील प्रतिपादनानुसार त्यासाठी याच्या दुपटीहून किंचित अधिक नमुने पुरतात, आणि १९८२ साली आलेल्या सीडीचे ४४,१०० नमुने त्या हिशेबानेच ठरलेले आहेत. बोस्टनच्या मेयर व मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांस पाचशेहून अधिक वेळा पारखावयास लावले. उच्च प्रतीचा मूळ ध्वनि कोणता व सीडीच्या मापातून काढलेला कोणता, हे ओळखण्यात त्यांची उत्तरे जवळजवळ निम्मी बरोबर आली; म्हणजे नाणे उडवून जे साधले असते तेच साधले. प्रतिपक्षास न्याय द्यावयाचा तर हेही नमूद केले पाहिजे की, २०१६ मधील एका व्यापक समालोचनात सर्व प्रयोग एकत्र घेता बरोबर उत्तरांचे प्रमाण निम्म्याहून यत्किंचित अधिक भरले. त्या यत्किंचित लाभासाठी ज्यांस खर्च करावयाचा आहे त्यांनी तो खुशाल करावा. परंतु सहा हजार कंपनांवर संपणारी खाँसाहेबांची तबकडी १,९२,००० नमुन्यांच्या पोशाखात विकत घेणे म्हणजे पोस्टकार्ड मखमली पेटीत घालून पाठविण्यापैकी आहे.

यंत्राच्या अंतरंगातील चिपविषयीही असेच स्तोम माजविले जाते. २०२० च्या ऑक्टोबरात जपानमधील नोबेओका येथे ए. के. एम. कंपनीच्या कारखान्यास मोठी आग लागली व तिच्या चिपा दुर्मिळ झाल्या. तेव्हा आर. एम. ई. ने पुढील यंत्रांत ई. एस. एस. या दुसऱ्या कंपनीची चिप बसविली. झाले! जुन्या चिपेच्या ‘मखमली’ स्वराविषयी शोकसभा भरू लागल्या. इक्वलायझर होता तेथेच होता, खर्ज सावरणारी योजना होती तशीच होती. पण घराचा पाया शाबूत असता उंबऱ्याचे लाकूड बदलले म्हणून सुतक पाळणाऱ्यांची समजूत कोणी घालावी?

एवढे लिहिल्यावर आमच्या पदरचे दोषही सांगणे प्राप्त आहे. पहिले तीन महिने आम्ही गाणे ऐकलेच नाही, यंत्र ऐकले. त्याच्या पडद्यावर नाचणाऱ्या पट्ट्या पाहत आम्ही एकच तान वीस वेळा वीस रीतींनी फिरविली, तेव्हा “गाणे लागले की नुसती पेटीच लागते आहे?” असा प्रश्न घरातून आला, आणि तो रास्त होता. इक्वलायझर हे मिठासारखे आहे. त्याचे बटण हाती आले की हात सैल सुटतो. शिवाय जितके एका ठिकाणी चढवावे तितके एकंदर आवाजातून उतरवून ठेवावे लागते. नाही तर अंकांची मर्यादा ओलांडून स्वर फाटतो. नानांच्या मांडणीत तबकडीची खरखरही थोडी वाढली, हे लपविण्यात अर्थ नाही. शब्दांचे मोल म्हणून त्यांनी ती पत्करली. याहून गंभीर धोका यंत्राच्या बळाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली घालून दिलेली मर्यादा प्रौढांसाठी आठवड्यास ८० डेसिबल व ४० तास अशी आहे, आणि आवाज ३ डेसिबलांनी वाढला की तास निम्मे होतात. हेडफोनास जोराने हलविणारी पेटी ज्या घरात आहे, तेथे मुलांच्या हाती ती देण्यापूर्वी वडील माणसाने आवाजाचा आकडा स्वतः ठरवून द्यावा. जो कान आज जाईल तो उद्या कोणत्याही इक्वलायझराने परत येणार नाही.

परंतु साधनाचा दुरुपयोग होतो म्हणून साधनच निषिद्ध ठरत नाही. ज्यास सर्व सोयी बंद ठेवावयाच्या असतील त्यास हे यंत्र आडवे येत नाही. उलट एकही अंक वाटेत बदललेला नाही अशी खात्री पटविण्याची परीक्षाही कर्त्याने त्यात ठेविली आहे. सोवळे पाळणाराचे सोवळे अशा रीतीने अबाधित राहते. मग दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून त्याने नाक का मुरडावे? आमची तक्रार एवढीच नाही. या मताच्या दडपणाने कित्येक महागड्या ॲम्प्लिफायरांवरून खर्ज-ताराची साधी बटणेही नाहीशी झाली, आणि ती नसणे हेच प्रतिष्ठेचे लक्षण ठरले. यात खरे नुकसान झाले ते ज्यांचे कान थकले आहेत, ज्यांच्या भिंती पातळ आहेत, ज्यांस रात्रीच तेवढी सवड मिळते, अशा सामान्य श्रोत्यांचे. पैसे खर्च करणाऱ्या कुटुंबांनी दुकानात उभे राहून नमुन्यांची संख्या विचारण्याचे सोडावे, आणि ‘हे माझ्या घरातल्या माणसाच्या कानास काय देईल?’ हा एकच प्रश्न विचारावा.

आमच्या त्या स्नेह्यांस मागील महिन्यात आम्ही घरी बोलाविले होते. नाना खिडकीजवळ बसून ठुमरी ऐकत होते, आणि ऐकताऐकता तिचे शब्द ओठांतल्या ओठांत म्हणत होते. स्नेही बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. गाणे बाटले किंवा कसे, या विषयावर त्या दिवशी आमचा वाद झाला नाही.